मातीतल्या नत्राचे मोजमाप



राज्ये, लढाया आणि थोर पुरुषांची चरित्रे ह्यांचा इतिहास ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, तीत लढाई नाही असे नाही. पण ती काचेच्या चंबूत झाली. प्रश्न साधा होता. मूठभर मातीत नत्र किती? त्याचे खात्रीचे उत्तर मिळवण्यासाठी युरोपातल्या आणि पुढे आपल्या देशातल्या रसायनशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ झटावे लागले. ह्या कथेतले एक महत्त्वाचे पान आपल्या काळ्या जमिनीने लिहिले आहे आणि ते नागपूरला लिहिले गेले. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका कोणास येईल. परंतु आपल्या ताटातल्या डाळ-भाकरीतला सत्त्वाचा भाग म्हणजे शेवटी जमिनीतून आलेले नत्रच होय.

आधी हा प्रश्न एवढा अवघड का, ते पाहू. नत्राचा तुटवडा जगात कोठेच नाही. एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे ३१ हजार टन नत्र आहे. पण ज्वारीच्या किंवा गव्हाच्या ताटाला त्यातला एक कणही सरळ घेता येत नाही. त्याला नत्र हवे ते मातीत मिसळलेले, आणि मातीत ते अगदी थोडे असते. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनींत शंभर भागांत ०.०५ भागाच्या आसपास, म्हणजे दहा हजार ग्रॅम मातीत पाच ग्रॅम. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळ मानाने ९ लाख किलो धरतात. त्यात ह्या हिशेबाने ४५० किलो नत्र निघते. आता समजा, प्रयोगशाळेतल्या माणसाची चूक केवळ ०.००५ टक्क्याची झाली. कागदावर ही चूक डोळ्यांस दिसतही नाही. परंतु शेतात तिचा अर्थ एकरी ४५ किलो नत्र असा होतो, आणि तेवढे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर दोन गोण्यांहून अधिक युरिया लागेल. चंबूत घातलेल्या दहा ग्रॅम मातीत मात्र ही चूक अर्ध्या मिलिग्रॅमची असते. अर्ध्या मिलिग्रॅमवर जमिनीची अब्रू ठरायची, असा हा व्यवहार आहे.

ह्या व्यवहाराची निकड प्रथम जाणवली ती एका मोठ्या वादामुळे. १८४० साली जर्मनीतील नामांकित रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग ह्यांनी शेतीच्या रसायनावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिकाला लागणारे नत्र पावसाबरोबर उतरणाऱ्या अमोनियातून मिळते, शेतकऱ्याने जमिनीत फक्त खनिज क्षार परत घालावेत, असा त्यांचा आग्रह पुढे वाढत गेला. ह्याच्या उलट मत होते फ्रान्समधल्या बूसँगो ह्यांचे. अल्सास प्रांतातल्या आपल्या शेतावर ते पिकात गेलेले आणि खतातून आलेले सर्व काही तोलून त्याचा जमाखर्च मांडत होते. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट ह्यांनी १८४३ साली गव्हाचा दीर्घ प्रयोग मांडला. त्यातले गिल्बर्ट हे खुद्द लीबिगचे शिष्य. पण शिष्याच्या शेतात गुरूचे म्हणणे टिकेना. नत्रयुक्त खत घातलेल्या पट्ट्यांत गहू जोमाने येई, नुसते क्षार घातलेल्या पट्ट्यांत तो मागे राही. तो प्रयोग आजही चालू आहे आणि त्यातले मातीचे जुने नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत.

वाद शब्दांचा असता तर तो कधीच मिटला नसता. पिकाने नत्र नेल्यावर जमिनीत ते किती घटले, हे दाखवणारे माप हवे होते. त्या काळी मापाच्या दोन रीती उपलब्ध होत्या. पहिली फ्रान्सच्या द्यूमा ह्यांची, १८३१ च्या सुमाराची. पदार्थ तांब्याच्या भस्माबरोबर नळीत जाळायचा, निघालेल्या वायूंतून बाकीचे शोषून घ्यायचे आणि उरलेल्या नत्रवायूचे आकारमान मोजायचे. तत्त्व निर्दोष होते. परंतु मातीत नत्र इतके थोडे आणि हवेत इतके उदंड, की नळीत बुडबुडाभर हवा राहून गेली तरी हिशेब बिघडे. दुसरी रीत १८४१ साली लीबिगच्याच गीसेन येथील प्रयोगशाळेतून आली. विल आणि फारेनट्राप हे तिचे कर्ते. सोडा आणि चुना ह्यांच्या मिश्रणाबरोबर पदार्थ तापवला म्हणजे त्यातले नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर पडते, आणि अमोनिया पकडणे हे नत्रवायू पकडण्याहून सोपे. पण हीही रीत वेळखाऊ होती. शिवाय काही पदार्थांतले नत्र तिला पुरते सोडवता येत नसे. दिवसभर राबून हाताला दोन-चार आकडे लागत. शेकडो नमुने तपासायचे तर माणसाचे आयुष्य पुरायचे नाही.

ह्यातून सुटका केली ती एका मद्याच्या कारखान्याने. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे याकोब क्रिस्तियन याकोबसेन ह्यांची कार्ल्सबर्ग नावाची बिअरची भट्टी होती. ह्या गृहस्थांनी १८७५ साली भट्टीला जोडून प्रयोगशाळा काढली आणि तिला एक नियम घालून दिला: येथे लागलेला महत्त्वाचा कोणताही शोध गुप्त ठेवायचा नाही. व्यापारी माणसाच्या हातून असा नियम होणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख योहान केल्डाल ह्यांच्यापुढे प्रश्न मातीचा नव्हता, जवाचा होता. जव भिजवून मोड आणताना आणि पुढे आंबवताना त्यातल्या प्रथिनांचे काय होते, हे त्यांना रोज पाहायचे होते, आणि त्यासाठी नत्र मोजण्याची झटपट रीत हवी होती. ७ मार्च १८८३ रोजी त्यांनी आपली रीत डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडली आणि त्याच वर्षी ती एका जर्मन नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेच्या नियमामुळे ती तत्काळ साऱ्या जगाची झाली.

ही रीत समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पदार्थ तीव्र गंधकाम्लात घालून उकळत ठेवायचा. अम्ल त्याला प्रथम काळाठिक्कर करते आणि मग हळूहळू त्याचे सेंद्रिय द्रव्य नाहीसे होऊन द्रव निवळतो. ह्या भानगडीत नत्राचा अमोनिया होतो, पण अमोनिया आम्लाच्या तावडीतून सुटू शकत नाही, तेथेच क्षार होऊन बसतो. मग द्रव थंड करून त्यात पाणी आणि कॉस्टिक सोडा घालायचा. आता अल्काचे राज्य झाले, अमोनिया मोकळा झाला. चंबू तापवून त्याची वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची, तेथे मोजून ठेवलेल्या अम्लात ती जिरते. किती अम्ल खर्ची पडले ते थेंबाथेंबाने मोजले की अमोनिया किती आला ते कळते, आणि त्यावरून नत्र. नवसागरात चुना मिसळला म्हणजे नाकाला झोंबणारा दर्प येतो, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. केल्डालच्या रीतीतला शेवटचा अर्धा भाग म्हणजे तोच प्रकार, फक्त दर्प नाकात न जाता भांड्यात जातो. मुख्य लाभ असा, की एका वेळी दहा-बारा चंबू ओळीने उकळत ठेवता येतात.

परंतु जवासाठी बेतलेला अंगरखा मातीच्या अंगाला बसेना. उकळी लांबे, काही पदार्थ निवळतच नसत. म्हणून सुधारणांची एक मालिका सुरू झाली. १८८५ साली हेर्मान विलफार्ट ह्यांनी दाखवले की किंचित पारा घातल्यास काम पुष्कळ लवकर होते. पुढे तांब्याचे क्षार, म्हणजे आपले मोरचूद, हेही त्या कामी येऊ लागले. १८८६ साली योडलबाउर ह्यांनी सोऱ्यासारख्या नायट्रेटांतले नत्रही हिशेबात धरण्याची युक्ती काढली. १८८९ साली हॉलंडचे गुनिंग ह्यांनी अम्लात पोटॅशियम सल्फेट घातले. नुसते तीव्र गंधकाम्ल ३४० अंशांच्या आसपास उकळते. ह्या क्षारामुळे त्याचा उकळबिंदू आणखी वर चढतो आणि चिवट द्रव्यही फुटते. १९१३ साली विंकलर ह्यांनी अमोनिया पकडायला बोरिक अम्ल वापरले, त्यामुळे एक मोजणी वाचली. नावे पुष्कळ आहेत, सगळी सांगत बसत नाही. ह्यांतले विलफार्ट मात्र विसरू नका. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतले नत्र बांधतात, हे हेलरीगेल आणि विलफार्ट ह्यांनी सिद्ध केले. हेलरीगेल ह्यांनी ते १८८६ मध्ये बर्लिनला जाहीर केले आणि सविस्तर ग्रंथ १८८८ साली निघाला. आपला शेतकरी पिढ्यान् पिढ्या हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणत आला, त्याचे कारण असे उलगडले. चांगले माप हाती आल्यावाचून ते उलगडले नसते.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानची जमीन नापीक होत चालली आहे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वारंवार विचारला जात होता. दुष्काळ पडत होते, सारा मात्र ठरल्याप्रमाणे वसूल होत होता. १८८९ च्या अखेरीस विलायत सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्या कृषिरसायनज्ञांना येथे पाठवले. ते वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे, हे ठरीव मत त्यांनी मानले नाही. काही बाबतींत तर त्यांनी त्याला इंग्रज शेतकऱ्याच्या वर बसवले. नत्राच्या नासाडीवरही त्यांनी बोट ठेवले. शेण शेतात जाण्याऐवजी गोवऱ्या होऊन चुलीत जाते. राखेत पोटॅश आणि स्फुरद उरते, पण नत्र धुराबरोबर निघून जाते. १८९२ साली डॉ. जे. डब्ल्यू. लेदर हे सरकारचे कृषिरसायनज्ञ म्हणून आले. त्यांनी देशातल्या मातीचे पृथक्करण करून तिचे मोठे प्रकार वर्णिले: गंगा-सिंधूच्या खोऱ्यातली गाळाची, दख्खनची काळी कापसाची, तांबडी आणि जांभ्याची.

ह्या पृथक्करणांतून काळ्या जमिनीविषयी एक कोडे निर्माण झाले. विदर्भाची किंवा खानदेशाची काळी म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी सोने. शतकानुशतके तीत कापूस आणि ज्वारी पिकते, खत पडले तर पडले. आणि प्रयोगशाळेचा कागद सांगतो की हिच्यात नत्र अगदी बेताचे. कागद खरा की शेत खरे?

ह्या कोड्याचा एक धागा नागपूरला सुटला. तेथे काम करणारे रसायनशास्त्रज्ञ डी. व्ही. बाळ ह्यांनी १९२५ साली केंब्रिजच्या ‘जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्स’ ह्या नियतकालिकात भारी चिकणमातीतले नत्र मोजण्यासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध अवघ्या पाच-सहा पानांचा. त्यातली गोष्ट इतकी साधी की ती आधी कोणाच्या लक्षात आली नाही ह्याचेच नवल वाटावे. काळी माती नेहमीप्रमाणे कोरडी चंबूत घालून तिच्यावर तीव्र गंधकाम्ल ओतले, तर नत्र कमी दिसते. तीच माती आधी पाण्यात भिजू दिली आणि मग अम्ल घातले, तर नत्र अधिक निघते!

असे का व्हावे? काळ्या शेतातून उन्हाळ्यात चालत गेलेल्या माणसाने तिथली ढेकळे पाहिली आहेत. घण घातला तरी फुटू नयेत अशी ती कठीण असतात आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर आपोआप विरून जातात. जे मोठ्या ढेकळाचे, तेच खलात कुटलेल्या बारीक कणाचे. तो कण म्हणजेही एक ढेकूळच, अतिसूक्ष्म चिकणकणांनी घट्ट बांधलेले, आणि सेंद्रिय द्रव्य त्याच्या पोटात अडकलेले. तीव्र गंधकाम्ल पाण्याचे हावरे. ते कणाला भिजवत नाही, उलट आवळून टाकते आणि स्वतः बाहेर राहते. पाणी मात्र कणाच्या आत शिरते, त्याला फुगवते, फोडते आणि अम्लाला वाट करून देते. आमच्या माताभगिनींना हे शास्त्र नवे नाही. हरभरे न भिजवता शिजत घातले तर वरून शिजतात आणि आत गणंग राहतात. युरोपच्या रीतीने काळी माती शिजवली, ती गणंग राहिली. नागपूरच्या माणसाने ती आधी भिजवली.

ह्या शोधाचे मोल नेमके समजून घेतले पाहिजे. आधीची सर्व मापे खोटी ठरली आणि काळी जमीन एकाएकी नत्राने श्रीमंत झाली, असे काही घडले नाही. रेताड मातीत भिजवल्याने फरक पडण्याचे कारण नाही. नमुना फार बारीक कुटला आणि पुरेसा वेळ उकळला तर चिकणमातीतही फरक कमी होतो. काळी जमीन नत्राने बेताचीच, हे आजही खरे आहे. परंतु जी रीत जवावर बेतली, परदेशी मातीवर पारखली, ती आपल्या मातीला जशीच्या तशी लावून तिची किंमत ठरवू नये, हे ह्या कामाने दाखवून दिले. मातीला दोष देण्यापूर्वी मापाची परीक्षा करावी, हा तो धडा. आणि तो वाया गेला नाही. माती-नत्राच्या मोजणीचा विसाव्या शतकातला सर्वांत कसून अभ्यास जॉन ब्रेम्नर ह्यांनी केला. त्यांच्या प्रमाण मानल्या गेलेल्या पद्धतीत चंबूतल्या मातीवर प्रथम पाणी घालून ती अर्धा तास राहू द्यावी आणि मगच अम्ल घालावे, असे सांगितलेले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतला तो अर्धा तास म्हणजे आपल्या काळ्या मातीला दिलेला मान आहे, असे मी समजतो.

चिकणमातीचे गूढ एवढ्यावर संपले नाही. १९५४ साली रॉड्रिग्ज ह्यांनी उष्ण कटिबंधातल्या मातीत आणखी एक गोष्ट दाखवली. काही चिकणमातींच्या स्फटिकांत पापुद्रे असतात आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये अमोनियाचे कण कुलूप घातल्यासारखे अडकलेले असतात. ते सोडवायला गंधकाम्ल कमी पडते. काचेलाही खाणारे हायड्रोफ्लुओरिक अम्लच लागते. वरवर पाहता हा पंडिती विषय वाटतो. पण मूळ प्रश्न त्यामुळे बदलला. नत्र किती, एवढे विचारून भागेना. ते कोणत्या रूपात आहे आणि पिकाच्या हाती लागेल काय, हे विचारणे भाग पडले.

कणगीत धान्य किती आणि आज ताटात भाकरी किती, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मातीतल्या नत्रापैकी शंभरात पंच्याण्णवच्या आसपास भाग सेंद्रिय द्रव्यात बांधलेला असतो. जंतू तो थोडा थोडा दळून देतात तेव्हा पिकाला मिळतो. केल्डालची रीत साऱ्या कणगीचे माप देते. ताटाचा अंदाज घेण्यासाठी १९५६ साली दिल्लीहून सुब्बय्या आणि असिजा ह्यांनी ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. गावोगावच्या विहिरीत टाकले जाणारे जांभळे पोटॅशियम परमँगनेट आणि कॉस्टिक सोडा ह्यांबरोबर माती तापवायची आणि सहज सुटणारा अमोनिया तेवढा मोजायचा. त्याच सुमारास देशात माती-तपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या होत्या. आज हेक्टरी २८० किलोच्या खाली आले तर ‘कमी’, ५६० पर्यंत ‘मध्यम’ आणि त्यावर ‘जास्त’, अशी जी वर्गवारी शेतकऱ्याच्या हाती पडते ती ह्याच रीतीच्या आकड्यांवर उभी आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाल्यापासून हा आकडा घरोघर पोचला. पुष्कळ ठिकाणी तर नत्र प्रत्यक्ष न मोजता सेंद्रिय कर्बावरून त्याचा अंदाज बांधतात. अंदाज म्हणून ते चालेल. पण अंदाजाला माप म्हणू नये.

एक गोष्ट मात्र कोणताही चंबू सुधारू शकत नाही, ती म्हणजे नमुना. ९ लाख किलो मातीच्या वतीने दहा-वीस ग्रॅम माती साक्ष देणार. ती बांधावरून, झाडाखालून किंवा उकिरड्याच्या जागेवरून उचलली, तर पुढची सारी रसायनविद्या फुकट. शेतात नागमोडी चालत अनेक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १५ सेंटिमीटर खोल खड्डे करावेत, त्यांच्या बाजूची माती काढून एकत्र मिसळावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवावे. ह्यात ना पारा लागतो, ना काचेचा चंबू. फक्त प्रामाणिकपणा आणि तासभर वेळ लागतो. मोजणीतली सर्वांत मोठी चूक बहुधा येथेच होते.

मोठ्या प्रयोगशाळांत आता स्वयंचलित यंत्रे आली आहेत. ती माती हजार अंशांच्या आसपास जाळतात आणि काही मिनिटांत नत्र सांगतात. तत्त्व कोणते? तेच द्यूमांचे, १८३१ च्या सुमाराचे. पाऱ्याचा विषारीपणा ओळखून त्याचा वापरही बहुतेक ठिकाणी सोडून दिला आहे. पावणेदोनशे वर्षांच्या फेऱ्यानंतर शास्त्र जुन्याच नळीपाशी परत आले, पण ती नळी आता शुद्ध वायूंनी धुतलेली आहे.

श्रोतेहो, ह्या इतिहासात लीबिगसारखे दिग्गज अनुमानावर विसंबून चुकले आणि एका भट्टीतला अबोल रसायनज्ञ जगाला माप देऊन गेला. नागपूरच्या एका संशोधकाने त्यात मातीचे भिजवणे घातले. आकडा छापील आहे म्हणून तो खरा मानण्याची आपली वृत्ती असते. तसे न करता तो कोणत्या रीतीने काढला आणि कोणत्या मातीवर काढला, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद गावी शेती करतात. ते पत्रिका घेऊन आले आणि ‘आमची जमीन नत्रात कमी निघाली’ म्हणाले, तर युरियाच्या गोण्यांचा हिशेब मांडण्याआधी त्यांना विचारा, माती घेतली कोणी आणि कोठून? त्या एका प्रश्नाने एखाद्या घराचा पैसा आणि एखाद्या जमिनीची अब्रू वाचेल.